काळी, मुरूम की खडक? नाशकात घर घेताना भूकंपाचा विचार

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. आम्ही नाशकात फ्लॅट बघतोय आणि दोन पसंत पडलेत. एक मखमलाबाद शिवारात आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथे द्राक्षबाग होती. सातवा मजला. दुसरा पाथर्डी फाट्याच्या पुढे, तिसरा मजला, गॅलरीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. भाव जवळपास सारखाच.

वडिलांनी मखमलाबादचं नाव ऐकलं आणि मान हलवली. "काळीवर पीक घ्यावं, घर पांढरीवर बांधावं. जमीन हलली की काळी दगा देते." वडील जुन्या नाशकातले, आयुष्य तिथल्या वाड्यात गेलं. त्यांचं बोलणं मी सहसा मोडत नाही, पण यामागचं कारण मला समजून घ्यायचंय.

भूकंपाचा विषय घरात निघतो तो मावशीमुळे. ती पेठला राहते. २३ नोव्हेंबर २०२२ च्या पहाटे चारच्या सुमारास नाशिकच्या पश्चिमेला ८९ किलोमीटरवर ३.६ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा तिच्या मांडणीवरची भांडी वाजली होती. आम्ही गंगापूर रोडला गाढ झोपेत होतो. अंतराचा फरक आहेच, पण मातीचाही असतो का? असला तर किती? जाणकारांनी सांगावं. घर एकदाच घेणार आहोत.

अंजनेरीकर
ताई, नाशिक दख्खनच्या बेसाल्टवर बसलंय. लाव्हाचे थरावर थर, काळा कातळ. पांडवलेणी दोन हजार वर्षं त्याच दगडात शाबूत आहेत. गाळावर वसलेल्या शहरांनी काळजी करावी, आपण कशाला? भाव, पाणी आणि शाळा बघून घर घ्या.

स्ट्रक्चरवाला
अंजनेरीकर, खाली कातळ आहे हे खरं, पण घर कातळावर आहे की कातळावरच्या मातीवर, प्रश्न तिथे आहे.

सोपं करून सांगतो. एका ताटात चिक्की ठेवा, दुसऱ्यात खरवस. दोन्ही ताटं सारखीच हलवा. चिक्की ताटाबरोबर हलते. खरवस ताटापेक्षा जास्त हलतो, आणि ताट थांबलं तरी थोडा वेळ थरथरत राहतो. भूकंपाच्या लाटा कातळातून वेगाने येतात. मऊ मातीत शिरल्या की त्यांचा वेग घटतो. वेग घटला तरी ऊर्जा तेवढीच असते, म्हणून हेलकावा मोठा होतो. शिवाय माती आणि कातळ जिथे भेटतात तिथून लाट परत वर फिरते आणि मातीच्या थरात अडकून राहते.

सगळ्यात मोठं उदाहरण मेक्सिको सिटीचं. १९ सप्टेंबर १९८५, तीव्रता ८. केंद्र पॅसिफिक किनाऱ्याजवळ, शहरापासून साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे. वाटेतल्या गावांपेक्षा कितीतरी वाईट नुकसान या शहराचं झालं, कारण जुनं शहर बुजलेल्या तळ्याच्या चिकणमातीवर आहे. त्याच शहरात टेकडीच्या बाजूला, कठीण जमिनीवर, त्या मानाने फारसं काही झालं नाही.

आपल्याकडे भूकंपासाठी इमारतींचं डिझाइन कसं करावं याची नियमावली, म्हणजे कोड, आहे आयएस १८९३. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. कोड जमिनीचे तीन प्रकार करतो: कठीण, मध्यम आणि मऊ. ज्या इमारतीचा एक झोका पूर्ण व्हायला १ सेकंद लागतो, ती मऊ जमिनीवर असेल तर कठीण जमिनीच्या १.६७ पट बल धरून डिझाइन करावं लागतं. म्हणजे वडिलांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे.

मिसळप्रेमी_सातपूर
खरवसाचं उदाहरण फार आवडलं. घरात प्रयोग करायला घेतला, पण दुसरा धक्का द्यायच्या आत मुलांनी नमुना संपवला.

निफाडचा_बागायतदार
काळी काळीत फरक असतो. आमच्याकडे नदीच्या अंगाला विहीर पाडली तेव्हा दोन परस नुसती काळी निघाली. मग चुनखडीचे खडे असलेली पिवळट माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे मऊ खडक, आणि सगळ्यात खाली काळा पाषाण. सुरुंग तिथे लावावे लागले. चुलत्यांची विहीर हाकेच्या अंतरावर, पण माळाच्या बाजूला. तिथे हातभर माती आणि लगेच मुरूम. एकाच गटात एवढा फरक. तेव्हा "मखमलाबाद म्हणजे काळी" असं एका शब्दात कसं म्हणायचं? शेजारच्या शेतातल्या विहिरीत डोकावून बघा. थर काठावरूनच दिसतात.

तांबडा_बोल
निफाडकरांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. मी भूशास्त्र शिकले आहे, म्हणून दोन गोष्टी जोडते. त्यातली एक स्ट्रक्चरवाला यांना खोडून काढणारी आहे.

मेक्सिको सिटीचं उदाहरण सगळीकडे दिलं जातं, पण ते नाशकाला जसंच्या तसं लागू होत नाही. मातीच्या थराला स्वतःचा झोका असतो. पाळण्याची दोरी लांब असली की तो सावकाश हलतो, आखूड असली की भराभर, तसाच. थराच्या झोक्याचा काळ काढायला थराची जाडी चारने गुणायची आणि मातीतल्या आडव्या लाटेच्या वेगाने भागायचं. मेक्सिकोत जाडी ४० मीटरच्या आसपास, वेग सेकंदाला जेमतेम ८० मीटर. उत्तर २ सेकंद. दुरून आलेल्या लाटाही साधारण तेवढ्याच काळाच्या होत्या. मधल्या उंचीच्या, साधारण सहा ते पंधरा मजली इमारती त्यात सापडल्या. झोका पुढे जात असताना मागून नेमका त्याच वेळी धक्का द्यावा, तसं झालं. वसाहतकाळातल्या कित्येक जाडजूड बैठ्या इमारती त्या मानाने बचावल्या.

आता नाशिक. समजा काळी ६ मीटर आहे आणि लाटेचा वेग १५० मीटर. चोविसाला दीडशेने भागलं की ०.१६ सेकंद येतात. इमारतीचा झोका ढोबळमानाने मजल्यामागे ०.१ सेकंद धरतात. म्हणजे एवढी काळी कोणाला जास्त हलवेल? एक-दोन मजली घराला. सातमजली इमारतीचा झोका ०.७ सेकंदाच्या आसपास, तिचा या थराशी सूर जुळत नाही. थर ३० मीटरचा असता तर ०.८ सेकंद आले असते, आणि तेव्हा सातव्या मजल्याची काळजी मीही केली असती.

म्हणून प्रश्न "काळी आहे का" एवढाच नाही. काळी किती खोल आहे आणि तिच्यावर किती उंच घर आहे, हे दोन्ही एकत्र बघावं लागतं. कोडमधला १.६७ चा आकडा सरसकट आलेखातून येतो. त्याच आलेखात बुटक्या घरासाठीचा गुणांक बघा: तिन्ही जमिनींना सारखाच, २.५. पातळ थरावरच्या बैठ्या घराला जे जास्त सोसावं लागतं ते त्या आलेखात दिसतच नाही.

स्ट्रक्चरवाला
मान्य. मी उंच इमारतींचंच काम करतो, त्यामुळे हात आपोआप त्या आकड्याकडे गेला. एक भर घालतो. मोठ्या इमारतीच्या पायासाठी आम्ही काळी ठेवतच नाही. काळी काढून मुरमावर किंवा खडकावर फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, बसवतो. मग इमारतीच्या पायाशी पोचणारं हलणं बरंचसं खडकाचं असतं. काळीतच चार फूट खणून जोतं बांधलेला बंगला मात्र त्या खरवसावरच बसलेला असतो. जो माणूस "आपलं एकच मजल्याचं आहे, माती परीक्षण कशाला" म्हणतो, त्यालाच त्याची गरज जास्त.

पेठरोडवासी
गोदाकाठची यांच्या मावशीची भांडी वाजली त्याचं कारणही यातच आहे का? डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून छोट्या धक्क्यांची रांग लागली होती. तिकडे राहणारे सांगतात की आधी जमिनीतून गडगड ऐकू येते आणि मग पत्रे, भांडी, खिडक्या थरथरतात. उंच झुंबर हलल्याचं कोणी सांगत नाही.

तांबडा_बोल
हो, पेठरोडवासी. जवळचा छोटा धक्का भराभर थरथरवतो, दूरचा मोठा सावकाश झुलवतो. भराभर येणाऱ्या लाटा वाटेत लवकर विरतात, सावकाश येणाऱ्या लांबवर पोचतात. जवळच्या छोट्या धक्क्यात बैठं घर आणि मांडणी बोलते, दूरच्या मोठ्यात वरचा मजला.

पंचवटीकर
दूरच्या मोठ्याचा अनुभव माझ्याकडे आहे. २६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊ. मी नातेवाइकांकडे चौथ्या मजल्यावर चहा घेत होतो. पंखा बंद होता तरी झुलायला लागला, बशीत चहा सांडला. धावत खाली आलो तर ओट्यावर बसलेल्या आजोबांना काहीच कळलेलं नव्हतं. ते मलाच विचारत होते, चक्कर आली का. केंद्र कच्छमध्ये, भुजजवळ, हे दुपारी टीव्हीवर समजलं.

स्ट्रक्चरवाला
आणि त्याच भूकंपात, केंद्रापासून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत कित्येक बहुमजली इमारती जमीनदोस्त झाल्या. शहर साबरमतीच्या जाड गाळावर आहे, तो एक भाग. दुसरा भाग मला जास्त सलतो: पडलेल्यांपैकी अनेक इमारतींचा तळमजला मोकळा होता. फक्त कॉलम आणि पार्किंग. वर विटांच्या भिंतींनी भरलेले कडक मजले, खाली काटक्यांसारखे पाय. मातीने धक्का वाढवला आणि पाय मोडले. नाशकात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारती बघा, जवळपास सगळ्यांच्या पोटात पार्किंग आहे. कॉलम जाड, त्यांच्या सळयांभोवतीच्या रिंगा एकमेकींच्या जवळ आणि लिफ्टभोवती काँक्रीटची भिंत असेल तर हरकत नाही. नसेल तर खाली पांडवलेणीचा कातळ असूनही मी तिथे झोपणार नाही.

अंजनेरीकर
सगळं वाचतोय. तरी म्हणतो, आपला भाग स्थिर आहे. हिमालयासारखी परिस्थिती इथे नाही. उगाच लोक घाबरतील.

तेरणेची_लेक
अंजनेरीकर दादा, राग मानू नका. मी किल्लारीच्या बाजूची. ३० सप्टेंबर १९९३ ला मी सात वर्षांची होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून सगळे उशिरा झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालं. आमचाही भाग तेव्हा स्थिरच म्हणायचे. त्या वेळच्या नकाशात लातूर झोन १ मध्ये होतं, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचं. पुढे २००२ च्या आवृत्तीत झोन १ काढूनच टाकला.

तीव्रता ६.२. खाली तुमच्यासारखाच काळा पाषाण, वर तशीच काळी. पण माणसं मातीच्या थरामुळे कमी आणि घरांमुळे जास्त गेली. दोन-दोन हात रुंद दगडी भिंती, मधे चिखल, दगडाला दगड बांधलेला नाही, आणि वर माळवदाची हातभर माती. ते सगळं ओझं झोपलेल्यांवर आलं. आमच्या घरात आम्ही दोघी वाचलो. आजी आणि मी त्या रात्री पत्र्याच्या पडवीत झोपलो होतो, कारण मी हट्ट केला होता.

मला कोणाला घाबरवायचं नाही. फक्त "इथे काही होत नाही" हे वाक्य मला ऐकवत नाही.

अंजनेरीकर
ताई, माझं चुकलं. तो शब्द मी मागे घेतो. कोयनेचा १९६७ चा भूकंप वडिलांकडून ऐकलेला, भातसा धरणाजवळचे १९८३ चे धक्के तर कसारा घाट उतरलं की पलीकडचेच. हे माहीत असून मी तसं लिहिलं.

सिडकोवासी
जमीन पातळ होऊन इमारत आख्खी कलंडते, तसा फोटो पाहिला होता. गोदावरीकाठी तसं होऊ शकतं का? २००८ च्या पुरात दुतोंड्या मारुती बुडालेला पाहिलाय, तिथली जमीन पाणी पिऊन असणारच.

तांबडा_बोल
तो फोटो बहुतेक जपानमधल्या निगाता शहराचा, १९६४ सालचा. इमारती न मोडता आडव्या झाल्या होत्या. त्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: सुटी बारीक वाळू, ती पाण्याने पूर्ण भरलेली, आणि बराच वेळ चालणारा जोराचा धक्का. हलताना वाळूचे कण एकमेकांवरचा आधार सोडतात आणि भार पाण्यावर येतो. आपली काळी चिकण आहे, ती अशी पातळ होत नाही. तिचे खेळ वेगळे: पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जोत्याला तडे गेले की लोक भूकंपाला दोष देतात, पण काम काळीचं असतं. नदीकाठी वाळूचे पट्टे सापडू शकतात, पण त्यांची जाडी बोअर घेतल्याशिवाय कोणी सांगू नये.

इंदिरानगरची_माई
माझी भीती वेगळी आहे. आमची सोसायटी जुन्या दगडखाणीच्या कडेवर उभी आहे. अर्धी कातळावर, अर्धी खाण बुजवलेल्या भरावावर. भरावात काय काय टाकलं होतं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय: डबर, राडारोडा, प्लास्टिक. बांधणाऱ्याने तेव्हा सांगितलं, सगळं दाबून घेतलंय. पाचव्या वर्षी जिन्यापासून तिरका तडा गेला, बरोबर जिथे कातळ संपतो तिथे. अजून भूकंप झालेला नाही, नुसत्या वजनानेच.

स्ट्रक्चरवाला
माई, हे मी गंभीरपणे सांगतो: भूकंपाच्या दृष्टीने मला काळीपेक्षा असा भराव जास्त नको वाटतो. एक पाय दगडावर आणि दुसरा भरावावर असला की इमारत सरळ न हलता पिळवटते. सान फ्रान्सिस्कोचा मरीना भाग १९८९ च्या भूकंपात असाच भरावामुळे सापडला, केंद्र दूर असूनही. जुने नाले, खाणी, बुजवलेल्या विहिरी कुठे होत्या हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत असतं. त्यांना विचारा. आणि तड्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा. पट्टी फुटली की तडा वाढतोय. त्या दिवशी थांबू नका, माणूस बोलवा.

मिसळप्रेमी_सातपूर
काठमांडूचं काय? तेही जुन्या तळ्यावर आहे ना?

तांबडा_बोल
आहे, आणि फार शिकवणारं. २५ एप्रिल २०१५, तीव्रता ७.८. तळ्याचा गाळ एवढा खोल की हलणं चार-पाच सेकंदांच्या सावकाश झोक्यांचं झालं. शहरात बहुतेक घरं बुटकी, त्यामुळे भीती होती त्यापेक्षा कमी पडली. उंच, सडपातळ धरहरा मनोरा मात्र कोसळला. माती तीच, पण शिक्षा घराच्या उंचीप्रमाणे.

पंचवटीकर
एक गोष्ट कोणीच काढली नाही. वडील म्हणाले "घर पांढरीवर". पण पांढरी म्हणजे काय? गावठाणाची माती. शेकडो वर्षं माणसं राहिली, घरं पडली, त्यावर नवी बांधली, राख, विटा, खापरं, शेण यांचा ढीग. नाशकात ती बघायची तर गोदेकाठची जुनी गढी. डेक्कन कॉलेजचे सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन केलं, तेव्हा वस्तीचे थरावर थर निघाले. नाशिक नऊ टेकांवर वसलं म्हणतात, त्यातली ही टेकडी माणसाने रचलेली. दर पावसाळ्यात तिची कड ढासळते आणि कडेच्या घरांना नोटिसा जातात. पाण्याने सुटणारी माती हलल्यावर कशी वागेल?

तांबडा_बोल
पंचवटीकर, नमस्कार घ्या. मी इतका वेळ काळीबद्दल लिहीत बसले आणि पांढरीकडे पाहिलंच नाही. सैल, न दाबलेली माती, वर उतार मोकळा, आणि त्यावर विटा-लाकडाचे बुटके वाडे. अशा उंचवट्याच्या कडेला हलणं आणखी वाढतं. जुन्या लोकांनी पांढरी निवडली ती पाणी तुंबत नाही, भिंत फुगत नाही म्हणून. त्या हिशेबाने ते बरोबरच होतं.

गोदाकाठची
दहा दिवसांनी परत आले, उशिराबद्दल क्षमा. सगळे प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवले. तेरणेची लेक, तुमचा प्रतिसाद वाचताना मधे थांबावं लागलं.

दोन्हीकडे माती परीक्षणाचा अहवाल मागितला. पाथर्डीवाल्यांनी "इथे सगळा मुरूमच आहे हो" म्हणत दिला नाही. मखमलाबादवाल्यांनी दिला. तीन बोअर. काळी अडीच मीटर, मग चार मीटरपर्यंत मुरूम, खाली बेसाल्ट. फुटिंग बेसाल्टवर. वडिलांनी कागद डोळ्यांजवळ धरून तीनदा वाचला. पार्किंगचे कॉलम पाहिले, लिफ्टभोवती काँक्रीटची भिंत आहे. रिंगांचं ड्रॉइंग मागितलंय, ते आल्याशिवाय टोकन देणार नाही.

ज्यासाठी खरं तर लिहायला बसले ते वेगळंच आहे. काल रात्री वडील म्हणाले, "तुझ्या सातव्या मजल्याचं कळलं. आपल्या वाड्याचं काय?" वाडा गढीपासून चार गल्ल्यांवर. मातीत रचलेल्या विटा, माडीवर सागवानी खांब, मागची भिंत दोन पावसाळे झाले बाहेर झुकलीय. आई-वडील त्याच भिंतीच्या कडेच्या खोलीत झोपतात.

स्ट्रक्चरवाला
आज रात्रीपासून पलंग त्या खोलीतून हलवा, पुढच्या ओसरीत घ्या. माडीवर धान्याच्या कोठ्या, जुनं सामान असेल तर उतरवा, वरचं ओझं आधी कमी व्हायला हवं. भिंत आणि लाकडी चौकट यांची पकड सुटलीय का ते बघावं लागेल. लोखंडी पट्ट्यांनी आवळून धरता येते, फार खर्चाचं नाही. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. रविवारी सकाळी नऊला ओळंबा घेऊन येतो.

पंचवटीकर
मीही येतो, गल्ल्या मला पाठ आहेत. वाडा बघून झाला की वडिलांना तिथला जुना नाला कुठून जायचा तेही विचारून घेऊ.